यादी १४ वर अडकलीय? आधी त्या चौदांकडे परत बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार महिने झाले गॅलरीतून आणि घराजवळच्या मोकळ्या जागेत पक्षी बघताय, यादी १४ वर येऊन थांबलीय, पुढच्या महिन्यात घरच्यांसोबत दहा दिवसांचा प्रवास आहे, तिथे भरपूर नवीन पक्षी बघायचेत. त्यासाठी दुर्बीण कुठली, कॅमेरा घ्यावा का, मोबाईलवरचं ॲप सांगतं ते खरं मानायचं का, आणि शेवटी गवतातला तो 'शिंपी नाही पण शिंपीसारखा' पक्षी कोण (शिंपी म्हणजे पानं शिवून घरटं करणारा तो चिमुकला पक्षी). सगळ्याचं सांगतो, थोडं लांबेल, वीस-बावीस वर्षं हेच करतोय त्यामुळे एकदा सुरू झालो की थांबत नाही.

पहिल्यांदा १४ चं बघू. मला आकड्यापेक्षा हे सांगा, की या १४ पैकी किती पक्षी तुम्ही डोळे मिटून, नुसत्या आवाजावर ओळखता? बहुतेक कावळा, साळुंकी, पोपट, कोकीळ एवढेच. मग यादी तिथेच अडकणार हो. कारण झाडीतला पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो, आणि पुष्कळदा दिसतच नाही. रोजचे पंधरा-वीस आवाज पाठ झाले की नवा आवाज आला रे आला की मान आपोआप वळते, त्याला काही हुशारी लागत नाही. आणि हे पाठांतर प्रवासात होत नाही, घराजवळच होतं, कारण तिथे तोच पक्षी रोज त्याच फांदीवर येऊन तुमचा धडा परत परत घेतो. प्रवास ही परीक्षा समजा, अभ्यास घरी.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सेलबोर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाद्री होते, फार कुठे हिंडायचे नाहीत, आपल्याच गावाभोवतीचे पक्षी बघत बसायचे. तिथले पानांत वावरणारे हिरवट-पिवळट वटवटे नावाचे छोटे पक्षी दिसायला इतके सारखे की लोक त्यांत फरकच करत नव्हते. व्हाइटनी नुसतं गाणं ऐकून सांगितलं की हे एक नाहीत, तीन वेगवेगळे पक्षी आहेत. ना दुर्बीण ना रेकॉर्डिंग, फक्त रोज तीच जागा आणि लक्ष देणारा कान.

आता तांबटाचंच घ्या. टुक टुक टुक असा भांडी ठोकल्यासारखा आवाज तुम्ही नक्की ऐकला असणार पण पक्षी सापडला नसणार, कारण तो चिमणीपेक्षा थोडाच मोठा आणि हिरवा, पानांत मिसळून जातो, शिवाय आवाज काढताना मान इकडून तिकडे फिरवतो त्यामुळे आवाज कधी डावीकडून येतो कधी उजवीकडून. एकदा निवांत दुर्बिणीतून बघा, चोच बंद असते आणि प्रत्येक 'टुक'ला गळा फुगतो, अक्षरशः धडधडणाऱ्या नाडीसारखा. हे बघायला मला पहिल्यांदा अकरा दिवस लागले होते, रोज त्याच झाडाखाली. शोधायची युक्ती एवढीच की पानांत शोधू नका, वरची निष्पर्ण वाळकी फांदी बघा, सकाळच्या उन्हाला तो तिथेच येऊन बसतो.

आणि ओळखीचा पक्षी नीट न बघितल्याने काय होतं तेही सांगतो, माझंच. सुरुवातीच्या काळात एका प्रवासात दोन तास एका पक्ष्यामागे फिरलो. तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, शेपटीवर आडवे पट्टे, कावळ्यापेक्षा सडपातळ. वहीत पानभर लिहिलं, काहीतरी दुर्मिळ सापडलं म्हणून हवेत होतो. संध्याकाळी बरोबरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, डोळा कुठल्या रंगाचा? म्हटलं लाल. ते म्हणाले मग कोकिळेची मादी आहे, तुमच्या घरामागेही असेल. होतीच! गाणारा तो काळा नर, मादी गातच नाही, फक्त किक-किक-किक करत घाईघाईत उडते, त्यामुळे कित्येकांना ती वेगळाच पक्षी वाटते. तेव्हापासून यादीत नुसतं नाव लिहायचं मी सोडलं, नर पाहिला का, मादी पाहिली का, पिल्लू पाहिलं का, गाणं कुठलं आणि भीतीचा आवाज कुठला, हे सगळं झालं की मग तो पक्षी 'झाला'. या हिशोबाने तुमचे १४ अजून अर्धेसुद्धा झालेले नाहीत, आणि ही चांगली बातमी आहे.

घराजवळ काय करायचं तर एक जागा ठरवा आणि रोज वीस मिनिटं बसा, फिरू नका, बसा. पहिली पाच मिनिटं काही होत नाही कारण तुम्ही आल्याचं सगळ्यांना कळलेलं असतं, दहाव्या मिनिटाला ते तुम्हाला विसरतात. वेळ उजाडल्यापासून पहिले दीड-दोन तास. पण रोज सकाळीच असंही नको, घारी, शिक्रे, गरुड यांना जमीन तापून गरम हवा वर जाऊ लागली की मग कमी कष्टात घिरट्या घालता येतात, म्हणून ते नऊ-दहानंतर वर दिसतात, त्या वेळी आकाश बघा. पाण्याचं एक पसरट भांडं ठेवा, दोन-तीन सेंटीमीटर पाणी, तळ खरखरीत, गुळगुळीत असेल तर आत एखादा दगड ठेवा, आणि पाणी रोज बदला नाहीतर डास होतील आणि पक्ष्यांना रोगही. दाण्यापेक्षा पाण्यावर जास्त तऱ्हेचे पक्षी येतात हा माझा अनुभव, कारण किडे खाणाऱ्याला दाण्याचं काय कौतुक.

ओळखताना रंग सगळ्यात शेवटी. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण तरी रंगापासूनच सुरू करतो. आधी आकार, तोही ओळखीच्या पक्ष्याशी तोलून, चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. मग चोच, शेपटीची लांबी, बसण्याची ढब, आणि करतोय काय. शेपटी सतत खालीवर हलवत पाण्याकाठी चालतोय तर धोबी, तारेवरून झेप घेऊन किडा पकडून परत त्याच जागी येतोय तर वेडा राघू नाहीतर कोतवाल, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून सुळकन खाली पडतोय तर कवड्या खंड्या. तारेवर भिंगऱ्यांची रांग बसलेली दिसली आणि कुणी त्यांना पाकोळ्या म्हणालं तर बिनधास्त नाही म्हणा, पाकोळीचे पाय उभ्या भिंतीला लटकण्यासाठी असतात, तारेवर ती बसूच शकत नाही. बघा, रंगाचा एक शब्द न काढता किती झाले.

रंग फसवतो कसा तर खंड्याच्या पिसांत निळा रंगद्रव्य म्हणून नसतोच, पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरून निळा दिसतो. शिंजीराचा चमचमता जांभळाही तसाच, सावलीत किंवा तुम्ही उजेडाच्या उलट बाजूला असाल तर तो साधा काळा. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायचं, अर्ध्या चुका तिथेच संपतात. पावशा हा कोकिळेचा भाऊबंद आणि शिक्रा हा शिकारी पक्षी, पण दोघं ठरवून फसवायला बसलेत, करडी पाठ, पट्ट्यापट्ट्यांचं पोट, उडण्याची ढबही तीच, लहान पक्षीसुद्धा पावशाला बघून ओरडतात. चोच बघा, शिक्र्याची आकड्यासारखी वाकलेली, पावशाची बारीक.

वही ठेवा, आणि नियम एकच, आधी लिहायचं मग पुस्तक उघडायचं. उलटं केलंत की पुस्तकातलं चित्र डोक्यात बसतं आणि जे दिसलंच नाही तेही दिसलं असं वाटायला लागतं. चित्र येत नसेल तर एक बटाटा काढा, त्याला छोटा बटाटा डोकं म्हणून लावा, चोच आणि शेपटी जोडा, कुठे पट्टा होता कुठे ठिपका होता तिथे बाण. माझ्या जुन्या वह्यांत असे शेकडो बटाटे आहेत आणि त्यातले बरेचसे वीस वर्षांनीही ओळखता येतात.

आता दुर्बीण. ८×४२ घ्या, विषय संपला. का ते ऐकायचं असेल तर ८ म्हणजे आठ पट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतं, एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल तुमच्या डोळ्यात येतो, पहाटेच्या अंधुक उजेडात बाहुली साधारण तेवढी मोठी होते म्हणून चित्र उजळ दिसतं. ८×२५ ची खिशातली दुर्बीण घेतलीत तर तोच गोल ३ च्या आसपास, म्हणजे पक्षी सगळ्यात जास्त हालतात नेमक्या त्याच वेळी काळोख. १० पटीची घेऊ का असं सगळे विचारतात, तर हाताचं कंपनही दहा पट होतं आणि दिसणारा भाग अरुंद होतो, झाडीत पक्षी सापडत नाही. ती तलाव, किनारा, मोकळी माळरानं यासाठी ठीक. वजन जड वाटत असेल तर ८×३२. झूमवाली घेऊ नका. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली करून ठेवा आणि घेतानाच चष्मा लावून बघा.

आणि घेतल्यावर सेट करा, दहातले आठजण करत नाहीत असं मला वाटतं. उजवा डोळा मिटून, डावा उघडा ठेवून मधल्या चाकाने एखादी पाटी स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या भिंगावरची रिंग फिरवून तीच पाटी स्पष्ट करा, झालं, आता ती रिंग विसरा, पुढे फक्त मधलं चाक. पक्षी पकडायची सवय मात्र लावावी लागते. नजर पक्ष्यावरच ठेवायची, मान हलवायची नाही, आणि दुर्बीण उचलून डोळ्यांना लावायची. नवीन माणूस दुर्बिणीकडे बघतो, डोळ्याला लावतो, मग पक्षी शोधतो, तोवर फांदी रिकामी. घरी बसून स्विचबोर्डवर सराव करा, हसू नका, मी केलाय.

कॅमेरा, माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही पण पहिलं वर्ष नको. फोटो मिळाला की आपण बघणं थांबवतो, दोन सेकंदांत क्लिक आणि मान खाली स्क्रीनकडे. शिवाय फोटोसाठी जवळ जावंसं वाटतं, दुर्बिणीने नाही. पुरावा हवा असेल तर मोबाईलची लेन्स दुर्बिणीच्या भिंगाला टेकवून काढा, फोटो भिकार येतो पण ओळखण्यापुरता पुरतो.

ॲपचं म्हणाल तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन उत्तम आहे, मीही वापरतो, आवाज ऐकून नाव सुचवतं. पण ते सुचवतं, सांगत नाही, हा फरक लक्षात ठेवा. कोतवाल दुसऱ्यांच्या हुबेहूब नकला करतो, शिक्र्याचीसुद्धा, तिथे माणूस फसतो तर मशीनचं काय. स्क्रीनवर नाव आलं की ते फक्त 'इकडे बघ' असं समजा, पक्षी शोधा, आवाज त्याच्याच चोचीतून येतोय हे बघा, मगच यादीत. नाहीतर यादी ॲपची होईल, तुमची नाही. प्रवासाला निघायच्या आधी तिथल्या भागाचा डेटा डाउनलोड करून ठेवा, जंगलात नेटवर्क नसतं.

त्याहून मोठं काम ई-बर्ड या वेबसाइटचं. २००२ पासून चालू आहे, जगभरातले लोक त्यावर आपल्या याद्या टाकतात, आणि त्यामुळे कुठल्या ठिकाणी कुठल्या महिन्यात कुठला पक्षी किती वेळा दिसतो याचा तक्ता फुकटात बघायला मिळतो. जिथे जाताय तिथला तुमच्या महिन्याचा तक्ता उघडा, सगळ्यात जाड पट्टीवाले वीस पक्षी निवडा आणि फक्त त्यांचाच अभ्यास करा, चित्र आणि आवाज दोन्ही. तीनशे पक्ष्यांचं पुस्तक पाठ करायला जाऊ नका. हे वीस पक्के असतील तर उरलेल्या काळात जे वेगळं दिसेल तेच तुमचं नवीन, आणि त्याला द्यायला वेळ हातात असेल. फीबी स्नेट्सिंगर म्हणून अमेरिकन बाई होत्या, ८००० पेक्षा जास्त जाती पाहिलेल्या जगातल्या पहिल्या व्यक्ती. १९८१ मध्ये कर्करोगाचं निदान झालं आणि डॉक्टरांनी एक वर्षाच्या आतली मुदत दिली, त्यानंतर १९९९ पर्यंत त्या हिंडत होत्या, शेवटी गेल्या त्या मादागास्करमध्ये रस्त्यावरच्या अपघातात. जाण्याआधी घरी बसून त्या करायच्या तो अभ्यास बर्डर लोकांत अजून नावाजला जातो. माणूस विमानात बसायच्या आधीच अर्धे पक्षी ओळखून असायचा.

घरचे बरोबर असताना बर्डिंग कसं, तर भांडण न होण्याचा एकच रस्ता, सगळे झोपलेले असताना उठा. उजाडल्यापासून न्याहारीपर्यंतचे दीड तास तुमचे, नंतर दिवसभर दुर्बीण गळ्यात पण तोंड बंद. मुक्काम निवडताना हातात असेल तर जवळ पाणी किंवा दोन तऱ्हेच्या जागांची सीमा असेल असा निवडा, झाडी संपून शेत लागतं ती कड, नदी आणि माळ यांची कड, तिथे दोन्हीकडचे पक्षी मिळतात. आणि प्रेक्षणीय स्थळीच पक्षी असतात असं काही नाही, सांडपाण्याचा तलाव आणि कचऱ्याचा उकिरडा यांनी मला जितके पक्षी दाखवले तितके एखाद्या नावाजलेल्या उद्यानानेही नाहीत, फक्त घरच्यांना तिथे नेऊ नका.

गाडीच्या खिडकीतूनही पुष्कळ होतं, तारांवर नीलपंख, खाटीक, कापशी, कोतवाल, भिंगऱ्या, आणि पुलावरून जाताना खालचं पाणी. नीलपंख बसलेला अगदी मातकट दिसतो, उडाला की पंखांत निळ्याचे दोन थर उघडतात, म्हणून गाडीतून बघायला तोच सोपा. विमानतळाच्या गवतावर टिटव्या आणि बगळे हमखास. परदेशात जाणार असाल तर पहिला पक्षी कदाचित ओळखीचाच निघेल. आपली साळुंकी ऑस्ट्रेलियात माणसांनी नेऊन सोडली आणि आता तिथे डोकेदुखी झालीय, गावकावळा जहाजांवरून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचलाय.

समुद्रकिनारा वाटेत असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय जाऊ नका. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी त्यात ठिपक्यांसारखे विखुरतात, भरती चढत असताना, म्हणजे पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी, पाणीच त्यांना ढकलत तुमच्याकडे आणतं. तुम्ही नुसते बसा. ते सगळे करडे एकसारखे दिसणारे पक्षी बघून कंटाळा येईल, तेव्हा एवढं आठवा की २०२२ मध्ये त्यांच्यातलाच एक, पट्टेरी शेपटीचा गॉडविट, वय जेमतेम पाच महिने, अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता उडाला, अकरा दिवस, अंगावरच्या ट्रान्समीटरमुळे ते कळलं. मला तरी त्यानंतर चिखलात झोपलेल्या करड्या पक्ष्याला दगड मारून उडवणाऱ्यांचा फार राग येतो.

त्यावरूनच, प्रवासात घाई असते म्हणून मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढायचा मोह होतो, करू नका, विणीच्या दिवसात तर अजिबातच नाही. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, तो खाणंपिणं सोडून तुमच्या मोबाईलशी भांडत बसतो. घरटं दिसलं तर मागे फिरा. पक्ष्याने खाणं थांबवून तुमच्याकडे टक लावली की तुम्ही आधीच जास्त जवळ गेलात.

परत आल्यावर दुर्बीण डबीत कोंबू नका, दमट हवेत भिंगाला बुरशी येते, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि धूळ आधी फुंकून मगच पुसा, नाहीतर कोटिंगवर ओरखडे. आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जुन्या जागेवर वीस मिनिटं बसा, दहा दिवस परके आवाज ऐकून आलेल्या कानाला घरचं काय काय ऐकू येतं ते बघा, माझी घरची यादी दरवेळी अशीच दोन-तीनने वाढलीय.

राहिला तो शिंपीसारखा. बहुतेक वटवट्या असावा, पण दोघंही शेपटी वर करून फिरतात म्हणून शेपटीवर जाऊ नका. डोक्यावर तांबूस टोपी आणि पाठ हिरवट असेल तर शिंपीच. डोकं राखाडी, पोट फिकट बदामी, डोळा लालसर असेल तर राखी वटवट्या, आणि तो पानं शिवून घरटंही करतो म्हणून घरट्यावरूनही ठरवू नका. तो एका झुडपातून दुसऱ्यात उडेल तेव्हा कान द्या, वायर स्पार्क झाल्यासारखा कट्-कट् आवाज आला तर तुमचा १५वा मिळाला.